सीमेन्सची नळी आणि ओझोनचं औषध

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्या अनेकांना सीमेन्सचा ओझोनायझर आठवत असेल. एकात एक बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या. आतल्या नळीला आतून आणि बाहेरच्या नळीला बाहेरून कथिलाचा वर्ख. एका तोंडातून कोरडा ऑक्सिजन आत जायचा, दुसऱ्यातून ओझोनमिश्रित ऑक्सिजन बाहेर यायचा. शेजारी ब्रॉडीचा ओझोनायझर असायचा, त्यात वर्खाऐवजी सल्फ्युरिक आम्ल. आकृती काढून नावं दिली की गुण पदरात पडायचे. या नळीच्या वंशातून पुढे दवाखान्यांत, युद्धरुग्णालयांत आणि घरोघरी किती यंत्रं पोहोचली, ते पुस्तकात नव्हतं. ती गोष्ट सांगायला हवी. त्या यंत्रांमागचं भौतिकशास्त्र चोख होतं, पण रुग्णाच्या छातीत किती वायू जातोय आणि तिथे तो काय करतोय, हे मोजायच्या आधीच त्याला औषध ठरवून टाकलं गेलं.

ओझोनशी माणसाची ओळख नाकामुळे झाली. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात टेलर संग्रहालयात घर्षणाने वीज निर्माण करणारं एक अवाढव्य यंत्र होतं. त्यातल्या काचेच्या दोन चकत्या सुमारे १.६५ मीटर व्यासाच्या होत्या. मार्टिनस फान मारुम या यंत्रावर प्रयोग करायचे. ठिणग्या उडाल्या की हवेला एक विशिष्ट, झोंबणारा वास येतो, अशी नोंद त्यांनी १७८५ मध्ये केली. त्यांना तो विजेचाच वास वाटला. वीज कडाडून गेल्यावर किंवा झेरॉक्सच्या जुन्या यंत्राजवळ उभं राहिल्यावर जो वास येतो, तोच हा.

पुढे अर्धशतकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे प्राध्यापक ख्रिस्तियान शोनबाइन पाण्याचं विद्युत अपघटन करत असताना तोच वास त्यांनाही आला. हा विजेचा वास नसून एका वेगळ्या पदार्थाचा आहे, असं त्यांनी १८४० मध्ये जाहीर केलं आणि त्या पदार्थाचं नाव ओझोन ठेवलं. १८४५ मध्ये जिनिव्हात द ला रीव आणि मारिन्याक यांनी शुद्ध ऑक्सिजनमधून ठिणग्या सोडून ओझोन मिळवला. म्हणजे तो ऑक्सिजनपासूनच तयार होतो, हे सिद्ध झालं. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात, हे मात्र जाक-लुई सोरे यांनी १८६० च्या दशकात दाखवलं.

वास ओळखीचा झाला, पण वायू पुरेसा मिळेना. अडचण ठिणगीत होती. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन आदळला की ते सुटे होतात, आणि सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटला की ओझोन होतो. इथवर ठिणगी कामाची आहे. पण ठिणगी प्रचंड तापते आणि ओझोनला उष्णता अजिबात सोसत नाही. तयार झालेला ओझोन त्याच ठिणगीच्या उष्णतेने मोडून पुन्हा ऑक्सिजन होतो. वायू म्हणून साधी हवा वापरली तर आणखी एक त्रास: ठिणगीत नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं तयार होतात.

वेर्नर सीमेन्स यांनी १८५७ मध्ये मार्ग काढला तो दोन धातूंच्या मध्ये काच घालून. तोवर रुमकोर्फच्या इंडक्शन कॉइलमुळे हजारो व्होल्टचा दाब प्रयोगशाळेत सहज मिळू लागला होता. कथिलाच्या दोन वर्खांना हा दाब दिला की दोन नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटीतल्या वायूतून वीज वाहायला लागते, पण काच ती फार काळ वाहू देत नाही. जिथे असा विसर्ग, म्हणजे वायूतून विजेचं वाहणं, सुरू होतो, तिथे काचेच्या पृष्ठभागावर विद्युतभार साचतो आणि तोच त्या जागचा दाब उतरवून विसर्ग बंद पाडतो. आज आपल्याला माहीत आहे, की हे सगळं सेकंदाच्या काही अब्जांश भागांत उरकतं. केसाएवढे बारीक असंख्य विसर्ग फटीत जागोजागी पेटतात आणि तापायच्या आत विझतात. इलेक्ट्रॉनांना रेणू फोडण्याइतकी ऊर्जा मिळते, पण वायू थंड राहतो. प्रत्यावर्ती दाबाची दिशा उलटली की पुन्हा तेच. कडकडाट नाही, डोळे दिपवणारी ठिणगी नाही. अंधारात पाहिलं तर फटीत फक्त निळसर-जांभळी आभा दिसते. म्हणूनच याला निःशब्द विसर्ग म्हणू लागले. मला ही रचना एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. ओझोनचे आजचे मोठमोठे कारखानेही याच तत्त्वावर चालतात. एवढं करूनही बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्यामुळे नळ्या पाण्याने थंड ठेवाव्या लागतात आणि वायू कोरडा ठेवावा लागतो.

आता या वायूचं औषध कसं झालं, ते पाहू. त्या काळी रोग घाणेरड्या, कुजक्या हवेतून पसरतात असं मोठे मोठे डॉक्टर मानत. ओझोन कुजका वास घालवतो, हे तर कोणालाही दिसत होतं. शोनबाइन यांनी पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला कागद तयार केला होता. ओझोन लागला की आयोडीन सुटं होतं आणि कागद निळा पडतो. युरोपभर वेधशाळांतून आणि रुग्णालयांतून हे कागद टांगले गेले, निळेपणा रंगपट्टीशी ताडून आकडे नोंदले गेले, आणि कॉलऱ्याच्या साथीत हवेतला ओझोन कमी होतो का, यावर वाद झडले. खरं तर हा कागद नायट्रोजनच्या ऑक्साइडांनीही निळा पडतो, आणि हवेतला दमटपणा व वारा यांनीही त्याचा रंग बदलतो. तरी समुद्रकिनारी आणि डोंगरावर ओझोन भरपूर, म्हणून तिथली हवा आरोग्यदायी, ही समजूत पक्की झाली. समुद्राचा तो वास प्रामुख्याने डायमिथाइल सल्फाइडचा असतो आणि तो सागरी वनस्पती व जिवाणूंमुळे येतो. ओझोनशी त्याचा काही संबंध नाही.

आणि शोनबाइन यांना स्वतःला काय अनुभव आला होता? ओझोन हुंगल्यावर त्यांच्या छातीत दुखू लागलं, श्वास घेणं जड गेलं. ओझोनमध्ये ठेवलेले छोटे प्राणी मेले. ही माहिती १८५० च्या आसपासच प्रसिद्ध झालेली होती. म्हणजे धोक्याची सूचना खुद्द नाव ठेवणाऱ्यानेच देऊन ठेवली होती, पण किनाऱ्यावरच्या ताज्या हवेच्या कल्पनेपुढे ती कोणी फारशी मनावर घेतली नाही.

१८९० च्या दशकात पॅरिसमध्ये द’आर्सोन्व्हाल आणि उदँ यांनी उच्च कंप्रतेच्या विजेचे वैद्यकीय उपयोग सुरू केले. असा प्रवाह शरीरातून गेला तर झटका बसत नाही, फक्त ऊब जाणवते. निकोला टेस्ला यांना १८९६ मध्ये अमेरिकेत ओझोन निर्माण करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्यात घरातल्या वीजपुरवठ्यावर चालणारी मोटर, तिच्यावरचा पंखा आणि त्या वाऱ्याच्या वाटेत विसर्ग करणाऱ्या पट्ट्या अशी जुळणी होती. प्रयोगशाळेतली काचेची नाजूक नळी आता टेबलावर ठेवायचं उपकरण होऊ पाहत होती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात अमेरिकेत ‘व्हायोलेट रे’ नावाच्या पेट्यांची लाट आली. या पेट्या आजही जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे पाहायला मिळतात. काळ्या कातडीसारख्या कापडाने मढवलेली लाकडी पेटी, आतून मखमल, आणि मखमलीच्या खाचांत नीट बसवलेल्या काचेच्या नळ्या: एक कंगव्याच्या आकाराची केसांसाठी, एक आळंब्याच्या टोपीसारखी चेहऱ्यासाठी, एक बाकदार घशासाठी. या नळ्यांतली हवा बरीचशी काढून टाकलेली असायची. जाड मुठीत टेस्ला कॉइल, म्हणजे उच्च दाबाची आणि उच्च कंप्रतेची वीज तयार करणारं वेटोळं, बसवलेली. मुठीची वायर दिव्याच्या होल्डरमध्ये लावायची, कारण भिंतीत प्लग असलेली घरं तेव्हा कमीच. मुठीत नळी खोचून बटण दाबलं की काच आतून जांभळी उजळते, आणि ती त्वचेजवळ नेली की चरचर करत बारीक ठिणग्या त्वचेवर येतात. वीज उच्च कंप्रतेची आणि काच इथेही मध्ये आहेच, म्हणून झटका बसत नाही. आणि त्या फटीत ओझोन तयार होतो, ज्याचा वास खोलीभर पसरतो. सीमेन्सच्या नळीतला बाहेरचा वर्ख काढून त्याच्या जागी माणसाचं शरीर ठेवलं, तर जे होईल ते हे.

काही पेट्यांत ओझोन हुंगण्यासाठी स्वतंत्र जोडणी मिळायची. काचेच्या नळीत विसर्ग होणार, रबरी फुगा दाबून तिच्यातून हवा ढकलायची, ती निलगिरीच्या किंवा पाइनच्या तेलात भिजवलेल्या कापसावरून जाणार, आणि रुग्णाने ती नाकाने ओढून घ्यायची. जाहिरातींत कोंड्यापासून दम्यापर्यंत सगळ्याचा इलाज लिहिलेला असे. दम्याचा माणूस ओझोन छातीत ओढून घेतोय, हे चित्र आज डोळ्यांपुढे आणताना मन विषण्ण होतं. ओझोनने श्वासनलिकेच्या आतल्या पातळ द्रवातली मेदद्रव्यं आणि प्रथिनं जळतात, तिथे सूज येते, आणि दमेकऱ्याची श्वासनलिका तर आधीच सुजलेली आणि हळवी असते. निलगिरीच्या वासाने बरं वाटत असेल, त्यामुळे होणारं नुकसान लगेच ध्यानात येत नसणार.

जखमांची बाब थोडी वेगळी आहे. पहिल्या महायुद्धात चिघळलेल्या, पू झालेल्या जखमा ही मोठी डोकेदुखी होती आणि प्रतिजैविकं अजून यायची होती. लंडनच्या क्वीन अलेक्झांड्रा लष्करी रुग्णालयातले जॉर्ज स्टोकर यांनी ओझोन वापरून उपचार केलेल्या २१ रुग्णांची हकिगत १९१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. ओझोन जखमेवर थेट सोडला जात होता, फुफ्फुसात नाही, त्यामुळे या वापरात तर्काला जागा आहे. पण ओझोन न दिलेले तसेच दुसरे रुग्ण शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. जखम ओझोनने भरली की स्वच्छतेने आणि वेळेने, ते अशा नोंदींवरून ठरवता येत नाही.

याच सुमारास लंडनच्या भुयारी रेल्वेतही ओझोन शिरला. कोंदट हवेच्या तक्रारींना कंटाळून सेंट्रल लंडन रेल्वेने १९११ मध्ये स्थानकांत ओझोन मिसळलेली हवा सोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी लिओनार्ड हिल आणि मार्टिन फ्लॅक यांचा ओझोनच्या शारीरिक परिणामांवरचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग ओझोन असला तरी श्वसनमार्ग चुरचुरतो आणि १५ ते २० भाग असतील तर दोन तासांत जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी दाखवलं. फार सौम्य प्रमाणात मात्र बंद जागेतल्या हवेचा कंटाळवाणेपणा कमी होतो, एवढं श्रेय त्यांनी ओझोनला दिलं.

पुढचा घाव शिकागोहून आला. तिथल्या विद्यापीठातले जॉर्डन आणि कार्लसन यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९१३ मध्ये आपले प्रयोग मांडले. माणसाला सोसेल एवढ्या ओझोनने हवेतले जंतू मरत नाहीत. जंतूंवर परिणाम व्हावा म्हणून प्रमाण वाढवलं तर प्रयोगातले प्राणीच आधी आजारी पडतात. आणि दुर्गंधी जाते म्हणावं, तर बऱ्याचदा ती जात नाही. ओझोनने नाकच बधिर होतं आणि दुर्गंधी जाणवेनाशी होते. मला हा निष्कर्ष या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या वासामुळे ओझोन सापडला, त्याच वासाने पन्नास-साठ वर्षं परीक्षकाचं काम केलं होतं, आणि परीक्षकच बधिर झालेला होता.

पाण्यात मात्र ओझोनने आपलं नाणं खणखणीत वाजवून दाखवलं. लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात विरघळलेला ओझोन काही मिनिटांत जिवाणू आणि विषाणू मारतो, आणि नंतर स्वतः मोडून ऑक्सिजन होतो. १८९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीत त्याचे प्रयोग झाले. १९०६ पासून फ्रान्समधल्या नीस शहराला ओझोनने शुद्ध केलेलं पाणी मिळू लागलं. आपल्याकडच्या बाटलीबंद पाण्याच्या अनेक कारखान्यांतही शेवटचा टप्पा ओझोनचाच असतो. तिथे ओझोन बंद टाकीत राहतो, कोणाच्या श्वासात जात नाही.

वैद्यकीय यंत्रांचं पुढे काय झालं? १९३० च्या दशकात झुरिकचे दंतवैद्य फिश आणि त्यांच्यामुळे या उपचाराकडे वळलेले शल्यविशारद एर्विन पायर यांनी त्यांना नव्याने चालना दिली. पण ओझोन वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांना तडे जायचे, कारण रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध ओझोन तोडतो. टिकाऊ प्लास्टिक आल्यावरच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, मात्रा मोजून देणारी यंत्रं शक्य झाली. आजही काही देशांत ती वापरात आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत मात्र ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही ज्ञात वैद्यकीय उपयोग नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. माणसं राहतात अशा बंद जागेत वैद्यकीय उपकरणामुळे साठणाऱ्या ओझोनला तिथे मर्यादा आहे दहा लाख भागांत ०.०५ भाग.

हा आकडा घरात आणून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. तिथे ०.०५ ची मर्यादा म्हणजे संपूर्ण खोलीत मिळून तीन मिलिग्रॅमपेक्षाही कमी ओझोन. हवा शुद्ध करतो म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ओझोन यंत्रांच्या खोक्यावर ताशी ४०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क्षमता छापलेली असते. भिंतींवर, पडद्यांवर आदळून ओझोन सतत मोडत असतो, हे धरलं तरी बंद खोलीत असं यंत्र तासभर चाललं की मर्यादेच्या कित्येक पट ओझोन हवेत उरतो. खोलीत लहान मूल किंवा दमेकरी झोपत असेल, तर असं यंत्र तिथे लावूच नये.