अडीच सेंटिमीटरची जागा आणि चौदाशे ग्रॅमचा मेंदू

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन खेळाडूंची डोकी एकमेकांवर आदळतात तेव्हा ती टक्कर सुरू होऊन संपायला साधारण १५ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायलासुद्धा याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हेल्मेटला जे काही करायचं ते एवढ्या वेळातच. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या टकरींचं चित्रीकरण तपासून, प्रयोगशाळेत तशाच वेगाने पुतळे आदळवून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्या टकरींत कन्कशन झालं होतं, त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ९.३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर निघाला. डोक्याला बसलेला धक्का सरासरी ९८ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ९८ पट.

कन्कशन म्हणजे धक्क्यामुळे मेंदूचं काम काही काळ बिघडणं: चक्कर, मळमळ, गोंधळ, काय घडलं ते न आठवणं. कवटी शाबूत असते आणि साध्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. गेल्या पंधरा वर्षांत हेच टाळण्यासाठी हेल्मेटच्या आतल्या गादीवर प्रचंड काम झालं. त्यातून फायदा झाला, आणि तो मोजताही येतो. पण तो नेमका कुठे होतो आणि कुठे अडतो, हे बाजारातल्या दाव्यांवरून कळत नाही. त्यासाठी आधी थोडं गणित करावं लागतं.

थांबायला जितकी जागा जास्त, तितका धक्का कमी. एका स्थिर बळाने डोकं थांबवलं तर धक्का काढायचं सूत्र शाळेतलंच आहे: वेगाचा वर्ग भागिले थांबण्याच्या अंतराची दुप्पट. अमेरिकेत खेळाच्या साहित्याची मानकं ठरवणाऱ्या नॉक्सी या संस्थेच्या चाचणीत हेल्मेट घातलेला पुतळ्याचा माथा ५ फुटांवरून खाली सोडतात. आपटताना त्याचा वेग सेकंदाला ५.४६ मीटर असतो. गादी २५ मिलिमीटर दबली, तर आदर्श परिस्थितीत धक्का ६१ जी. तेच डोकं ९.३ मीटरच्या वेगाने भिंतीवर गेलं तर १७६ जी. वेग १.७ पट वाढला आणि धक्का जवळजवळ तिप्पट झाला. मैदानावर समोर भिंत नसते. समोरच्याचं हेल्मेटही दबतं आणि त्याचं डोकं मागे सरकतं, म्हणून प्रत्यक्षातला आकडा खाली राहतो.

मग गादी जाड का करत नाहीत? हेल्मेट आधीच दोन किलोच्या आसपास असतं आणि डोकं साडेचार-पाच किलोचं. घेर वाढला की बाजूने बसणाऱ्या फटक्याला लांब दांडा मिळतो, आणि मान व डोकं जास्त जोराने फिरतं. जाडीला अशी मर्यादा आहे, म्हणून सगळी धडपड आहे त्या जाडीचा पुरेपूर वापर करण्याची.

साधा फोम इथे कमी पडतो. सुरुवातीला तो सहज दबतो आणि पुढे घट्ट होत जातो. जाडीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत दबला की आतली पोकळी संपते आणि त्याला तळ लागतो. उरलेला फटका मग जवळजवळ थेट डोक्याला बसतो. आपल्या दुचाकीच्या हेल्मेटमध्ये पांढरा थर्माकोल असतो. तो चुरडताना बऱ्यापैकी स्थिर बळ देतो, म्हणून ऊर्जा छान शोषतो. पण एकदा चुरडला की संपला. अपघातानंतर हेल्मेट बदला असं सांगतात ते यासाठीच. फुटबॉलच्या हेल्मेटला एकाच हंगामात शेकडो फटके खाऊन प्रत्येक वेळी मूळ आकारात परत यायचं असतं. चुरडणं परवडत नाही, फुगून परत येणं हवं, आणि तरी बळ स्थिर हवं. कच्च्या मालाच्या निवडीतला मूळ पेच हा आहे.

यावरची सर्वांत सुंदर युक्ती घरी करून पाहता येते. प्लास्टिकची लवचीक फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून लांबीच्या दिशेने दाबा. आधी ती हट्टाने ताठ राहते. एका क्षणी अचानक बाजूला वाकते, आणि त्यानंतर ती आणखी दाबायला फारसं जास्त बळ लागत नाही. हात काढला की पुन्हा सरळ. म्हणजे चढून स्थिर राहणारं बळ आणि पूर्ण पुनरागमन, दोन्ही मिळालं. वॉशिंग्टन विद्यापीठातले यंत्र-अभियंता पेर राइनहॉल आणि मेंदूशल्यविशारद सॅम ब्राउड यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या व्हिसिस कंपनीने हेल्मेटच्या दोन कवचांमध्ये अशा वाकणाऱ्या छोट्या खांबांचा थर बसवला. खांब कुठल्याही बाजूला वाकू शकतात, त्यामुळे बाहेरचं कवच थोडं सरकतंही. झीरो-१ नावाचं हे हेल्मेट सुरुवातीला १५०० डॉलरला होतं. चाचण्यांत ते वरच्या क्रमांकांवर आलं, तरी २०१९ च्या अखेरीस कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि पुढे दुसऱ्या मालकाकडे गेली.

दुसरी वाट थ्रीडी छपाईची. रिडेल कंपनीने कार्बन या कंपनीबरोबर २०१९ मध्ये छापील जाळीची गादी आणली. खेळाडूच्या डोक्याचं स्कॅन घेऊन ती त्याच्या मापाने छापतात. हजारो बारीक काड्यांच्या या जाळीत कपाळापाशी काड्या जाड, मागे पातळ, असं जागेनुसार ठरवता येतं. फोमच्या एका ठोकळ्यात हे जमत नाही. बाकीच्या गाद्यांमध्ये व्हिनाइल नायट्राइल फोम अजून भरपूर वापरतात, आणि टीपीयू नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकच्या पोकळ वाट्याही असतात. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड कॅमारिलो यांच्या गटाने द्रव भरलेले शोषक संगणकावर तपासले. द्रव बारीक भोकातून बाहेर पडताना वेगाप्रमाणे अडतो, त्यामुळे हलक्या फटक्याला तो मऊ वागतो आणि जोराच्या फटक्याला तळ लागू देत नाही. गणितात हे सर्वांत जवळचं उत्तर आहे. गळती, वजन आणि वर्षानुवर्षांचा वापर यांची परीक्षा मात्र मैदानावरच होते.

थंडीचा मुद्दा सहज विसरला जातो. असे बहुतेक पदार्थ गारठ्यात कडक होतात. ग्रीन बेसारख्या गावात डिसेंबरचा सामना शून्याखाली खेळला जातो. नॉक्सीच्या चाचणीत हेल्मेट सुमारे ४६ अंश सेल्सियसला तापवूनही आपटतात, कारण उन्हात मऊ पडलेल्या गादीला लवकर तळ लागतो. एकाच पदार्थाला दोन्ही टोकं सांभाळायची असतात.

इथपर्यंतची सगळी चर्चा सरळ रेषेतल्या धक्क्याची झाली. मेंदूचा प्रश्न वेगळा आहे. १९४३ साली ऑक्सफर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यांनी जिलेटिनचे नमुने वापरून तो मांडला. आपल्याकडे त्यासाठी स्टीलच्या डब्यात जमलेला खरवस पुरेसा आहे. काठोकाठ भरलेला डबा सरळ पुढे ढकलून झटकन थांबवा. खरवस फारसा हलत नाही, कारण त्याला सरकायला रिकामी जागाच नाही. तोच डबा हातात धरून झटकन पिळल्यासारखा फिरवा. कडेचा भाग डब्याबरोबर जातो, मधला मागे रेंगाळतो, आणि दोघांच्या मध्ये चिरा पडतात. मेंदूही असाच आहे. पाण्यासारखा तो दाबून आकसत नाही, पण तिरका ताण त्याला जराही सोसत नाही. डोकं अचानक फिरलं की मेंदूच्या आतले लांब तंतू ताणले जातात. कन्कशनचं मुख्य कारण हे फिरणं मानलं जातं.

कवटीबाहेरच्या गादीने आतलं हे रेंगाळणं थेट थांबवता येत नाही. ती फक्त डोक्याच्या फिरण्याचा वेग थोडा कमी करू शकते. त्यात भर म्हणजे, हेल्मेटची मानकं मुळात या कामासाठी तयार झालीच नव्हती. नॉक्सी १९६९ मध्ये स्थापन झाली ती मैदानावरचे मृत्यू रोखायला, म्हणजे फुटलेली कवटी आणि मेंदूभोवतीचा रक्तस्राव टाळायला. १९७३ च्या मानकात तपासला गेला तो सरळ धक्काच: धक्क्याचा जोर आणि तो किती वेळ टिकला यांवरून काढलेला तीव्रता निर्देशांक सुरुवातीला १५०० च्या, आणि पुढे १२०० च्या आत हवा. त्या कामात हेल्मेट यशस्वी झालं, हे ठासून सांगायला हवं. फिरण्याच्या त्वरणाची मर्यादा, सेकंदाच्या वर्गाला ६००० रेडियन, या मानकात २०१८ मध्ये आली. म्हणूनच ‘मानक पूर्ण करतं’ या शिक्क्यावरून कन्कशनबद्दल फार काही ठरवू नये. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात स्टीफन डुमा यांच्या प्रयोगशाळेने हेल्मेटांना २०११ पासून दिलेले मानांकनाचे तारे तुलनेसाठी जास्त उपयोगी आहेत. एकाच शिक्क्याच्या हेल्मेटांमधला फरक त्यातून दिसतो.

प्रयोगशाळा आणि मैदान यांच्यातली दरी गार्डियन कॅपने स्पष्ट दाखवली. ही हेल्मेटवर बाहेरून चढवायची फोमची जाड टोपी. एनएफएलने २०२२ मध्ये सराव शिबिरात काही जागांवरच्या खेळाडूंना ती सक्तीची केली आणि त्यांच्यात कन्कशन ५० टक्क्यांहून जास्त घटल्याचं सांगितलं. २०२४ पासून सामन्यातही ती ऐच्छिक झाली. पण हा आधीच्या वर्षांशी केलेला ताळा होता. त्याच काळात सरावाची पद्धत आणि आतली हेल्मेटंही बदलत होती. स्टॅनफर्डच्या गटाने प्रयोगशाळेत टोपीचा चांगला परिणाम पाहिला, आणि मग महाविद्यालयीन खेळाडूंच्या दातांवर बसणाऱ्या संवेदकांनी मैदानावर मोजलं, तेव्हा टोपी असताना आणि नसताना लक्षणीय फरक सापडला नाही. विस्कॉन्सिनमधल्या शाळकरी खेळाडूंच्या मोठ्या अभ्यासातही सरावात टोपी घालणाऱ्यांचं कन्कशनचं प्रमाण कमी आढळलं नाही. शाळांमध्ये वापरतात ती टोपी एनएफएलच्या टोपीहून हलकी असते, हेही लक्षात ठेवायला हवं. एका जागचा आकडा उचलून दुसरीकडे लावणं चूक आहे.

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग लहान फटक्यांचा आहे. महाविद्यालयातल्या एखाद्या खेळाडूच्या डोक्याला एका हंगामात हजाराहून जास्त फटके बसू शकतात. त्यातले बहुतेक २०-३० जी च्या आसपासचे, ज्यांनी कुणी मैदान सोडत नाही. सीटीई हा मेंदू हळूहळू झिजवणारा आजार आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या ६३१ फुटबॉलपटूंच्या मेंदूंवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात सीटीईचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येशी लागला नाही. तो आयुष्यभर साचलेल्या फटक्यांच्या एकूण बळाशी लागला. दान आलेले मेंदू बहुधा त्रास झालेल्यांचेच असतात, त्यामुळे त्यावरून सर्व खेळाडूंमधलं प्रमाण काढता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. चांगली गादी प्रत्येक फटक्यातून काही हिस्सा वजा करते. हजार फटक्यांची बेरीज तरीही मोठीच राहते.

कवच टणक झालं की माणूस ते हत्यारासारखं वापरतो, हाही अनुभव या खेळाने घेतला आहे. प्लास्टिकचं कवच आणि तोंडावरची जाळी रूढ झाल्यावर डोकं खाली घालून, माथ्याने धडक मारायची पद्धत पसरली. त्यात मानेचे मणके मोडू लागले. १९७६ मध्ये शाळा-महाविद्यालयांत अशा धडकेवर बंदी आली. त्या वर्षी हातपाय कायमचे लुळे पडल्याच्या ३४ घटना नोंदल्या गेल्या होत्या, पुढच्या वर्षी १८, आणि १९८४ मध्ये ५. पदार्थ तेच होते, नियम बदलला.

अमेरिकेतल्या आठ नामवंत विद्यापीठांच्या आयव्ही लीगचं उदाहरण तर आणखी नेमकं. किकऑफला, म्हणजे चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करताना, दोन्ही संघ दुरून पूर्ण वेगाने एकमेकांवर धावत येतात. २०१६ मध्ये या लीगने किकऑफची रेषा ३५ वरून ४० यार्डांवर सरकवली, म्हणजे जेमतेम साडेचार मीटर पुढे. हेतू हा, की चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पडून खेळ तिथेच थांबण्याचं प्रमाण वाढावं. किकऑफमधली कन्कशन दर हजार खेळींमागे जवळपास ११ वरून २ वर आली. एवढी घट नुसत्या गादीने मिळवायची, तर वरच्या सूत्रात किती सेंटिमीटर घालावे लागतील ते करून पाहावं. एनएफएलमध्ये २०२४ च्या हंगामात १८२ कन्कशन नोंदली गेली, २०१५ पासूनची सर्वांत कमी. त्या वर्षी किकऑफचा नवा नियमही होता आणि सुधारलेली हेल्मेटंही, त्यामुळे श्रेय वेगवेगळं वाटता येत नाही.

नव्या पदार्थांचा सर्वांत खात्रीचा उपयोग, माझ्या मते, खेळाडूच्या मैदानावरच्या जागेनुसार हेल्मेट बनवण्यात आहे. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, कन्कशन होतं त्यातलं बरंचसं डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटून. पुढच्या फळीतल्या खेळाडूला कपाळावर सतत लहान ठोसे बसतात. आता दोघांसाठी वेगळी हेल्मेटं मिळतात. मर्यादित जाडी जिथे फटका येतो तिथे खर्च करायची, हा शहाणपणाचा हिशोब आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या संघात खेळतात, त्यांनी दुकानातल्या ताऱ्यांइतकंच लक्ष बसण्याकडे द्यावं. पुढची कड भुवयांच्या वर साधारण एक इंच असावी. जाळी धरून हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते सैल आहे, आणि सैल हेल्मेट पहिल्या फटक्यात सरकून उघड्या जागी मार बसू देतं. हनुवटीचा पट्टा चारही ठिकाणी लागलेला हवा. हवेच्या गाद्या असतील तर त्या दर आठवड्याला तपासाव्यात. उबदार खोलीत भरलेली हवा गारठ्यात आकसते आणि हेल्मेट ढिलं होतं. केस कापल्यावरही पुन्हा बसवून पाहावं. कवच साध्या साबणाच्या पाण्याने पुसावं. थिनर किंवा कुठलाही रंग लावू नये, काही द्रावणं कवचाच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला बारीक चिरा पाडतात. दहा वर्षांहून जुनं हेल्मेट नूतनीकरणालाही स्वीकारत नाहीत, तेव्हा आतल्या चिकटपट्टीवरचं वर्ष वाचावं. आणि मूल फटक्यानंतर गोंधळलेलं वाटलं, तर हेल्मेट कितीही महागाचं असो, त्या दिवशी खेळ बंद. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांत याबाबत कायदे झाले आहेत. साधारणपणे आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय प्रशिक्षकाला मुलाला परत मैदानावर उतरवता येत नाही.