उपयोजित गणिताची प्राध्यापकी

द्रवाचा प्रवाह, साथीचा फैलाव, पुलाची कंपने असे गणिताबाहेरचे प्रश्न समीकरणांत मांडून सोडवणे आणि शिकवणे, यावर उभी राहणारी विद्यापीठीय कारकीर्द. पायऱ्या नेहमीच्याच : पीएच.डी., काही वर्षे पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधनपद), साहाय्यक प्राध्यापकपद, जमल्यास कायम नेमणूक. वेगळेपण आहे ते प्रश्न कुठून येतो यात. शुद्ध गणितात तो बहुधा गणितातूनच निघतो. इथे तो दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतून उसना आणावा लागतो. त्या विषयाची बोली अंगवळणी पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जातात, आणि शोधनिबंध मोजणाऱ्यांच्या लेखी ती रिकामीच असतात.

जर्मनीत या विषयाचे पहिले पूर्ण प्राध्यापकपद 1904 मध्ये गॉटिंगेनला निर्माण झाले. तिथले गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्यावर कार्ल रुंगे यांना आणले. अवकल समीकरणे, म्हणजे बदलाचा दर सांगणारी समीकरणे, टप्प्याटप्प्याने, आकडेमोडीने सोडवण्याची रुंगे-कुट्टा पद्धत आजही विद्यार्थ्यांना शिकावीच लागते.

अशा कारकिर्दीचा सर्वांत ऐसपैस नमुना म्हणजे ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल (1924–1998). 26व्या वर्षी ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले. जेट इंजिने तेव्हा नवी होती आणि त्यांचा आवाज असह्य. लाइटहिल यांनी प्रवाहाची मूळ समीकरणेच अशी फिरवून लिहिली की एका बाजूला ध्वनितरंगाचे समीकरण उरले आणि दुसऱ्या बाजूला गेलेला खळबळाट ध्वनीचा उगम ठरला. 1952च्या त्या निबंधातून निघालेला नियम असा : झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ती 256व्या भागावर येते. रुंद आणि संथ झोताची इंजिने शांत का, ते यातून कळते. 1955 मध्ये गणितज्ञ व्हिटम यांच्यासह त्यांनी रस्त्यावरच्या वाहतुकीला तरंगांचे गणित लावले. पुढे फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेचे संचालकपद सांभाळून ते 1969 मध्ये केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या जागी प्राध्यापक म्हणून आले.

मूल्यमापनात मात्र उपयोजित गणितज्ञाची दोन्हीकडून ओढाताण होते. गणिती विचारतात, सिद्धता कुठे आहे. अभियंते विचारतात, आकडे कुठे आहेत. लेखकांच्या नावांचा क्रमही घोळ घालतो. शुद्ध गणितात तो सहसा वर्णानुक्रमे असतो, प्रयोगशास्त्रांत बहुधा कामाच्या वाट्याप्रमाणे. जीवशास्त्रज्ञांबरोबरच्या निबंधात तिसरे नाव असलेल्या गणितज्ञाने गणिती प्रतिमान (मॉडेल) एकट्याने बांधले होते की नुसता आलेख काढला होता, हे निवड समितीला त्या यादीवरून कळत नाही.