मुलांच्या कवटीतील वाढलेला दाब

कवटीच्या आत मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरू द्रव, ज्याला बोलताना नुसते ‘मेंदूचे पाणी’ म्हणतात, या तिघांना मिळून ठरावीक जागा असते. सुमारे ८० टक्के मेंदूची. उरलेली रक्त आणि पाणी जवळजवळ निम्मी निम्मी वाटून घेतात. एकाने अंग पसरले की दुसऱ्याला आवरते घ्यावे लागते आणि तेही जमेनासे झाले की दाब चढतो. स्कॉटलंडचे अलेक्झांडर मन्रो (१७८३) आणि जॉर्ज केली (१८२४) यांनी मांडलेला हा हिशेब आजही उपचारांचा पाया आहे. लहान मुलांत हा दाब पाऱ्याच्या ३ ते ७ मिलिमीटर इतका असतो, मोठ्या मुलांत १० ते १५ पर्यंत. २० च्या वर जाऊन काही मिनिटे टिकला तर उपचार करावे लागतात.

तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने दाबाला वाट मिळते आणि डोकेच वाढू लागते. जन्मतः साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिले तीन महिने दरमहा २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने १ आणि नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढतो. त्याहून भराभर वाढू लागला तर सोनोग्राफी करावी; टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातूनच मेंदू दिसतो. सांगली जिल्ह्यात अजूनही कित्येक घरी बाळाला न्हाऊ घालायला बाई येते आणि रोज तेलाने टाळू भरते. फुगलेली टाळू प्रथम तिच्याच बोटांना लागते, पण तिला विचारतो कोण! बाळ शांत असताना, त्याला बसते धरून टाळू चाचपावी. ती किंचित खोलगट आणि हलके उडणारी असते; ताणून वर आलेली, उडेनाशी झालेली टाळू संशयास्पद. रडताना ती फुगतेच. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसनंतरही क्वचित एक-दोन दिवस फुगते आणि आपोआप बसते. कपाळावरच्या शिरा उठून दिसणे, डोळ्यांची बुबुळे खाली उतरून वर पांढरे दिसणे, ही पुढची लक्षणे. डोके मोठे दिसले की घरात ‘आजोबांच्या वळणावर गेलाय’ म्हणतात. तसेही असते, म्हणून आईवडिलांच्या डोक्यालाही टेप लावावी.

टाळू भरून आल्यावर, म्हणजे दीड-एक वर्षानंतर, बाहेरून काही कळत नाही. मूल सकाळी उठताच डोके धरते, भडाभडा उलटी करते आणि मग बरे वाटून खेळायला जाते. रात्रभर आडवे पडल्याने आणि झोपेत श्वास मंदावून मेंदूतील रक्तवाहिन्या फुगल्याने पहाटे दाब सर्वाधिक असतो. घरी याला पित्त समजतात, सुंठ-साखर चाटवतात, आणि उलटीने उतार पडतो म्हणून ती समजूत पक्की होते. मग मूल तिरळे बघू लागते किंवा एकाचे दोन दिसतात, तेव्हा चष्म्याच्या नंबरासाठी नेतात. ही फेरी बहुधा वाया जात नाही: नेत्रतज्ज्ञाने डोळ्याची बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला तर सुजलेली दृष्टिचेतातंतूची चकती दिसते. चालताना झोकांड्या जात असतील तर तोल सांभाळणाऱ्या, डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूतील गाठीचा विचार आधी करावा.

कारणे अनेक आहेत. पाण्याचा मार्ग अडून होणारे जलशीर्ष, मेंदूज्वर, गाठी, डोक्याला मार. मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसवलेले पोर या शेवटच्या कारणासाठी अगदी सोयीच्या जागी असते. मेंदूचा टीबी आठवडा-दोन आठवडे बारीक ताप आणि चिडचिडेपणातच लपून राहतो. जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन राहून गेलेल्या, केवळ अंगावर पिणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाला अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

नाडी मंदावणे, रक्तदाब वाढणे आणि श्वास अनियमित होणे ही तिन्ही एकत्र दिसली तर मेंदू खाली ढकलला जाऊ लागला आहे असे धरतात. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखले जाते. रडून रडून ‘पोर शांत झालं’ असे घरच्यांना वाटते ते नेमके याच वेळी.

सांगली जिल्ह्यातील असे रुग्ण प्रामुख्याने मिरजेकडे येतात. तेथे विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. जत तालुक्याच्या पूर्व टोकाकडून मिरज शंभराहून जास्त किलोमीटर पडते, त्यामुळे वाटेतली काळजी उपचाराइतकीच मोलाची. मुलाला मांडीवर मान मुडपून घेऊ नये. मानेतल्या शिरा दाबल्या जाऊन डोक्यातले रक्त उतरत नाही. डोक्याची बाजू ३० अंश उंच, मान सरळ. अंगात ताकद यावी म्हणून नातेवाईक हट्टाने लावायला लावतात ती ग्लुकोजची बाटली इथे घातक ठरू शकते: साखर शरीरात खर्च होते आणि उरलेले निव्वळ पाणी मेंदूची सूज वाढवते. रक्तातली साखर घसरली असेल तर ग्लुकोज द्यायचे, एरवी साधे सलाइन. शिरेतून दिलेल्या मॅनिटॉल या औषधाने किंवा ३ टक्के, म्हणजे जास्त खारट, सलाइनने दाब तात्पुरता उतरतो. दाब वाढल्याचा संशय असताना सीटी स्कॅन केल्याशिवाय पाठीतले पाणी काढत नाहीत.

जलशीर्षावर मेंदूच्या पोकळीतून कानामागून कातडीखालून पोटात नळी, म्हणजे शंट, बसवतात. तिच्यातली झडप जॉन होल्टर या अमेरिकन यंत्रकारागिराने १९५६ मध्ये स्वतःच्या मुलाच्या आजारपणात घडवली. भारतात शाहजहानपूरला बनणारी स्वस्त नळी बरीच वापरली जाते. मुलाची उंची वाढणार म्हणून पोटात जास्तीची नळी सोडून ठेवतात. नळी तुंबते, क्वचित तिला जंतुसंसर्ग होतो. पहिल्या एक-दोन वर्षांत हा धोका जास्त. तुंबल्यावर डोकेदुखी, उलटी, गुंगी ही जुनीच लक्षणे परततात, आणि तेव्हा शंट तपासून गरज पडल्यास बदलावा लागतो.