पक्षीफेरीला येण्याआधी: नांदूर मधमेश्वर आणि अंजनेरी

आमच्या दोन फेऱ्या असतात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अंजनेरीचा डोंगर. या पत्रकात नांदूरबद्दल जास्त लिहिलंय, कारण बहुतेक जण पहिल्यांदा तिथेच येतात आणि दुर्बिणीची पंचाईतही तिथेच होते.

निघताना

नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर. गाडी पहाटे साडेपाचला सुटते, थांबत नाही. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि भारी दुर्बिणीतूनही लांबचं बदक पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं. निफाडची थंडी ठाऊक आहेच, कानटोपी आणा. कपडे मातकट किंवा हिरवट हवेत, पांढरा शर्ट नको. काठाची काळी माती ओली असली की बुटाला किलोकिलोने चिकटते, म्हणून खाचा असलेले जुने बूट बरे.

दुर्बीण जुळवून घ्या (घरीच)

८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. नवख्याने हीच घ्यावी. १०×५० जड असते, आणि दहापट दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो.

आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजवं भिंग तळव्याने झाका आणि डाव्या डोळ्याने लांबच्या एखाद्या दुकानाची पाटी बघत मधलं चाक फिरवा, अक्षरं स्वच्छ होईपर्यंत. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. पुढे दिवसभर फक्त मधलं चाक. हे न करता आलेल्यांचं अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा.

काय बघायचं

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या शतकभर जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती त्यातूनच आल्या. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

सुरुवात हळदी-कुंकू बदकापासून करा. काळ्या चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी लाल ठिपका. नर-मादी जवळपास सारखेच, शिवाय मुक्काम बाराही महिने. हा एक पक्का झाला की बाकीची बदकं त्याच्या मापाने लहान-मोठी ठरवता येतात. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी म्हणजे वारकरी. त्याला बदक समजू नका, चोच बघा. थापट्या या बदकाची चोच पुढे पसरट. तिच्या कडांना कंगव्यासारखे दात असतात. पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातो. कधी पाच-सहा थापटे एकाच जागी गोल गोल फिरताना दिसतात, तेव्हा तळातलं खाद्य ढवळून वर आणणं चाललेलं असतं. त्यांच्यावर दहा मिनिटं खर्च करा. यादीत पन्नास नावं भरण्यापेक्षा हे आम्हाला मोलाचं वाटतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओळख हमखास चुकते. नुकत्याच आलेल्या पाहुण्या बदकांतले बरेच नर अजून मादीसारख्या तपकिरी पिसांत असतात. पुस्तकातले रंग डिसेंबरनंतर जुळतात.

काठावर

सूर्य पाठीशी घ्या. बदकांनी माना ताठ केल्या की तिथेच थांबा. आणखी चार पावलांत थवा उडतो आणि मागच्या सगळ्यांची सकाळ वाया जाते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, यात सवलत नाही. शेजारच्या द्राक्षबागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका: छाटणीनंतर तिथे फवारणी चालू असते.

अंजनेरी

इथे नजर खाली हवी, फुलांसाठी. कड्यांवर गिधाडं आहेत, पण पावसाळ्यात ढग उतरले की ती दिसतीलच असं नाही. याच डोंगराचं नाव लाभलेलं कंदीलपुष्प २००६ मध्ये नवी जात म्हणून नोंदलं गेलं. या गटातल्या फुलांच्या नळीत आत वळलेले केस असतात. माशी आत शिरते, पण केस सुकेपर्यंत बाहेर पडता येत नाही, आणि सुटते ती पराग घेऊनच. पठारावर मळलेल्या वाटेनेच चाला, खडकावरचा मातीचा थर बोटभरही नसतो. फुलाच्या फोटोबरोबर जागेचा नकाशा टाकू नका. अत्तर लावून येऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड झाकून पायाखाली बघत दूर जा.

दुर्बीण नसेल तर बुकिंग करतानाच सांगा. दोघांत एक देतो.