सुटकेनंतरचा मताधिकार : फ्लोरिडातील वादाची पार्श्वभूमी

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीचा मताधिकार तहहयात काढून घेण्याची तरतूद अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने १८६८च्या राज्यघटनेत केली. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणे दक्षिणेतील राज्यांना भाग पडले होते, आणि जो हक्क उघडपणे नाकारता येत नव्हता तो फौजदारी कायद्याच्या आडून हिरावण्याची सोय तेव्हा अनेक ठिकाणी करून ठेवली गेली. पुढे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा बंदीला घटनेची आडकाठी नसल्याचा निर्वाळा दिला.

हक्क परत हवा असेल तर गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्रिमंडळाचे सदस्य बसत त्या दयामंडळाकडे अर्ज करावा लागे. मंडळाची बैठक वर्षातून चारदा भरे आणि निर्णयाला ठरावीक निकष नसत. गव्हर्नर बदलला की नियमही बदलत. चार्ली क्रिस्ट यांनी २००७ मध्ये सौम्य गुन्ह्यांतील लोकांना सुनावणीशिवाय हक्क परत देण्याची वाट मोकळी केली आणि त्यांच्या कारकिर्दीत दीड लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ झाला. त्यांच्यानंतर आलेल्या रिक स्कॉट यांनी २०११ मध्ये ती बंद करून अर्जाआधी किमान पाच वर्षे थांबण्याची अट घातली. (भारतात तुरुंगात असताना मतदान करता येत नाही, पण सुटकेनंतर त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.)

स्वतः शिक्षा भोगलेले डेस्मंड मीड यांच्या पुढाकाराने सह्या गोळा होऊन हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. घटनादुरुस्तीसाठी ६० टक्के मते आवश्यक असताना नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६४.५ टक्के मतदारांनी कौल दिला. खून व लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा पूर्ण केलेल्या अंदाजे १४ लाख लोकांना हक्क मिळेल असे तेव्हा मानले गेले.

मात्र ‘शिक्षा पूर्ण’ होण्यात न्यायालयाने ठोठावलेला दंड, शुल्क आणि भरपाईही येते, असा कायदा विधिमंडळाने २०१९ मध्ये केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो ६ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला. वास्तविक कोणाकडे किती रक्कम थकली आहे याची एकत्रित नोंद राज्याकडेच नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये अपात्र असून मतदान केल्याच्या आरोपावरून वीस जणांवर कारवाई झाली, तेव्हा त्यांतील अनेकांना सरकारी कार्यालयानेच मतदार ओळखपत्र दिल्याचे उघड झाले. त्यानंतर, २०२३च्या कायद्यानुसार, हे पत्र मतदानाच्या पात्रतेचा पुरावा नाही अशी सूचना त्या पत्रावरच छापली जाऊ लागली.