पाइप वाजतोय: पाण्याचा दणका की अडकलेली हवा?

आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीत एकाच आठवड्यात दोन नोंदी झाल्या आणि दोन्हींत शब्द तेच होते: 'बाथरूमचा पाइप वाजतो.' एक नोंद आमची, दुसऱ्या मजल्यावरची. दुसरी सातव्या मजल्यावरच्या काकूंची, त्यांच्यावर थेट गच्ची. प्लंबरने दोन्ही घरांतल्या नळांचे वॉशर बदलले, पैसे घेतले आणि आवाज दोन्हीकडे तसाच राहिला. राहणारच होता. ती दोन निराळी दुखणी होती आणि वॉशरचा दोन्हींशी काही संबंध नव्हता.

आमच्याकडे फ्लश केल्यावर व्हॉल्व्ह मिटला की भिंतीत 'धाड' असा एकच दणका बसायचा. रात्री तर शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल दचकून उठायचं. काकूंकडे नळ उघडला की आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखं पाणी, मध्येच गुरगुर आणि बऱ्याच वेळाने सरळ धार. म्हणून पाइप वाजतोय असं कुणी म्हटलं की मी आधी एवढंच विचारते: आवाज नळ बंद करताना येतो की उघडताना? बंद करताना एक-दोन ठोके पडत असतील, तर तो पाण्याचा दणका. उघडल्यावर नळ थुंकत, अडखळत असेल, तर लाइनीत हवा धरलीय.

दणका समजायला पाण्याचं वजन डोळ्यांसमोर आणावं लागतं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. टाकीपासून तुमच्या नळापर्यंतचा पाण्याचा सगळा खांब धावत असतो आणि पुढचं दार अचानक बंद होतं. मागचं पाणी त्यावर आदळतं, दाबाची लाट पाइपातून उलटी जाते आणि परत येते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर १८९७-९८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी याचा कसून अभ्यास केला आणि हिशेबाचं सूत्र मांडलं. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला साधारण १,२०० मीटर वेगाने पळते. पाणी सेकंदाला दीड मीटरने वाहत असताना क्षणात थांबवलं, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १८ किलोने वाढतो. सात मजली इमारतीत तळाशी एरवी जेमतेम दोन किलो दाब असतो, यावरून त्या धक्क्याचा जोर कळावा. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप थोडा ताणला जातो, त्यामुळे तिथे ही वाढ सात-आठ किलोच्या आसपास राहते. हाताने बंद केलेल्या नळात एवढं सहसा होत नाही. पण वॉशिंग मशिनचा आतला व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि पटकन मिटतो. पाणी घेणं थांबवताना मशिनच्या मागे 'ठक' वाजतं ते यामुळेच.

हवेची गोष्ट उलटी आहे. तिथे दाब जास्त नसतो, कमी पडतो. टाकी रिकामी झाली की डाउनटेकमधलं, म्हणजे टाकीपासून खाली घरांकडे येणाऱ्या पाइपातलं, पाणी उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. टाकी पुन्हा भरली की पाणी खाली येतं, पण पाइपाला कुठे उंचवटा असेल तर हवा तिथेच अडून बसते. गच्चीच्या कठड्यावरून चढवून उतरवलेला पाइप हे तिचं आवडतं ठिकाण. पालिकेचं पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, तो सगळ्यांनी ऐकलेला आवाज याच जातीचा. सातव्या मजल्यावर आणखी एक प्रकार होतो. सकाळी खालच्या सगळ्या घरांत नळ सुटले की वरचा पाइप रिता पडतो. तेव्हा वरच्या घरातल्या उघड्या नळाला बोट लावलं तर तो बोट आत ओढतो. म्हणजे नळ पाणी देण्याऐवजी हवा पितोय.

म्हणून तुम्ही कितव्या मजल्यावर राहता हे निदानासाठी फार उपयोगी आहे. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब. टाकीच्या लगेच खालच्या घराला जेमतेम पाव-अर्धा किलो मिळतो, तिथे हवा त्रास देते. खालच्या मजल्यांवर दणका. वरच्या घरात प्रेशर पंप बसवला की मात्र हे समीकरण बदलतं. फोर्स येतो आणि त्याच्या मागोमाग दणकाही. पंप थांबताना दणका बसत असेल, तर पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप आपटतेय. तिथे स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह लावा.

आमच्या दणक्याचा इलाज बिनखर्चाचा निघाला. फ्लश व्हॉल्व्हला प्रवाह कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो थोडा आवळल्यावर पाणी सावकाश सुटू लागलं आणि निम्मा आवाज गेला. उरलेला आवाज डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतल्या, सैल क्लॅम्पचा होता. दाबाचा धक्का पाइपाला हलवतो आणि भिंतीवर आपटणारा पाइप तो आवाज मोठा करतो. क्लॅम्प रबर घालून कसले. एवढ्याने भागलं नाही तर खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, किंवा नळाजवळ धक्का झेलणारा अरेस्टर.

जुने प्लंबर नळाच्या वर वीतभर पाइप उभा ठेवून त्याचं तोंड बंद करत. त्यात हवा कोंडलेली राही आणि ती गादीसारखी धक्का झेले. म्हणजे काकूंकडे जी हवा दुखणं होती, तीच आमच्याकडे औषध ठरली असती! फक्त ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते, पाइप पाण्याने भरतो आणि दणका परत येतो. कॉक बंद करून लाइन पूर्ण रिकामी केली की गादी पुन्हा तयार होते. अरेस्टरमध्ये हवा आणि पाणी यांच्यामध्ये दट्ट्या असतो, म्हणून तो टिकतो.

काकूंचा प्रश्न घरात सुटणारा नव्हता. गच्चीवर टाकीच्या कॉकनंतर लगेच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून हवेचा पाइप वर न्यावा लागतो. त्याचं तोंड टाकीच्या वरच्या काठाहून उंच, खाली वळवलेलं आणि जाळी लावलेलं हवं. तो पाइप आमच्याकडे होताच, पण कधीतरी गळतो म्हणून कुणीतरी त्याला बूच मारलं होतं. बूच काढलं. डाउनटेकचा कठड्यावरचा उंचवटाही काढून त्याला टाकीपासून सरळ उतार दिला. तेव्हापासून टाकी भरल्यावर दोन मिनिटांत धार लागते. सकाळची ओढाताण मात्र याने थांबत नाही. त्यासाठी वरच्या दोन मजल्यांना वेगळा डाउनटेक लागेल आणि ते काम अजून व्हायचंय.

लाइनीत हवा असेल तर एक काळजी घ्याच. गरम पाण्याच्या नळाला धार नसेल, तोवर गिझर चालू करू नका.

राहिला प्लंबरच्या वॉशरचा मुद्दा. वॉशरही वाजतो, पण नळ अर्धवट उघडा असताना, घरघरत. तो पूर्ण उघडला किंवा बंद केला की घरघर थांबते. गरम पाणी सोडल्यावर भिंतीत टिकटिक होत असेल, तर सीपीव्हीसी पाइप तापून लांबतोय. तीन मीटरचा पाइप पस्तीस अंशांनी तापला तर सुमारे सात मिलिमीटर वाढतो आणि क्लॅम्पमधून सरकताना वाजतो. आणि कुणी नळ लावलेला नसताना पहाटे अख्खी इमारत धडधडत असेल, तर गच्चीवर जाऊन टाकीतला बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा फुग्याचा व्हॉल्व्ह, बघा. टाकी भरत आली की पाण्याच्या लाटांवर तो फुगा वरखाली होतो, व्हॉल्व्ह उघडमीट करतो आणि प्रत्येक वेळी एक छोटा दणका खाली पाठवतो. हाताने फुगा धरून ठेवा. आवाज तिथल्या तिथे थांबला, तर एकही टाइल फोडू देऊ नका.