उत्पन्नाधार आणि मत्तानिर्मिती

गरीब कुटुंबाच्या चालू खर्चाला हातभार (मजुरी, अनुदान) आणि पुढच्या कमाईचे साधन (विहीर, जनावर, फळबाग, बचत) या दोन्हींची एकाच धोरणात घातलेली सांगड. नुसते अनुदान महिनाअखेर संपते. नुसती शेळी दिली, तर घरातल्या पहिल्या आजारपणात ती बाजार गाठते. बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने 2002 पासून अतिगरिबांना जनावरांबरोबर काही काळ भत्ता, प्रशिक्षण आणि बचतीची सोयही दिली. भारतासह सहा देशांतील अशा कार्यक्रमांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी लाभ टिकून होता.

महाराष्ट्रातला याचा जुना धडा सांगली जिल्ह्यातला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. खर्चाचा मोठा भाग व्यवसाय करातून, म्हणजे मुख्यतः शहरी पगारदारांच्या खिशातून येई. कामे उत्पादक असावीत, ही अट महत्त्वाची: पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती. पण अडलेल्या पाण्याचा लाभ तलावाखालच्या विहीरवाल्याला मिळाला. त्याच कामावर पाट्या उचलणाऱ्या भूमिहीन बाईला मिळाली फक्त हजेरी. योजनेच्या गौरवात हे सहसा सांगितले जात नाही. 1990 पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली, म्हणजे स्वतःच्या शेतात खड्डे खोदण्याचीही मजुरी मिळू लागली. त्यासाठीही आधी सातबारा हवाच.

सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत भूमिहीनाची मत्ता म्हणजे शेरडे-मेंढरे. जतकडची माडग्याळी मेंढी प्रसिद्ध आहे. दुष्काळात चारा नसला की जनावर मिळेल त्या भावाने जाते. त्यामुळे चारा छावणी हा वरकरणी तात्पुरता दिलासा प्रत्यक्षात मत्ता वाचवतो. माण तालुक्यातल्या म्हसवडला 1997 मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने बायकांच्या रोजच्या छोट्या बचतीला आणि कर्जाला जागा दिली.

उत्पन्नाधार आणि मत्ता या दोन्ही बाजू एकमेकींना अडवतात, असेही होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21,000 रुपये राहिली. डेअरीला दूध घालणारे घर ती सहज ओलांडे, आणि उत्पन्नाचा दाखला काढताना गोठ्यातली म्हैसच आड येई.